बिडाचे खांब आणि भाड्याचे घर

आपल्याकडे 'लॉफ्ट' म्हटले की पोटमाळा डोळ्यांपुढे येतो. न्हाणीघराच्या वरची ती अंधारी जागा. तेथे सणावाराची पितळी भांडी, नाताळच्या गोठ्याचे सामान आणि वर्षानुवर्षे कोणी न सोडलेले एखादे गाठोडे सुखाने नांदत असते. हाच शब्द न्यूयॉर्क शहरात उच्चारला, तर ऐकणाऱ्यापुढे एक प्रशस्त दालन उभे राहते. उंच छत, पुरुषभर उंचीच्या खिडक्या, मधोमध नक्षीदार लोखंडी खांब, आणि भाडे असे की आकडा ऐकण्यापूर्वी माणसाने जवळची खुर्ची शोधावी! एका शब्दाच्या पोटात एवढे अंतर कसे सामावले, याचा विचार करण्याचा योग आम्हांला २०२५ च्या उन्हाळ्यात आला.

न्यूयॉर्कजवळच्या एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, आम्ही दोन महिने सेवेसाठी गेलो होतो. वसईतील आमच्या जुन्या धर्मग्रामातील एक तरुण दांपत्य त्या शहरात नोकरी करते. दोघेही संगणक क्षेत्रातले, दोघांचाही पगार भक्कम. एके दिवशी त्यांचा फोन आला, "फादर, सोहोमध्ये एक घर पाहायला जातो आहोत. तुम्ही बरोबर आलात तर बरे वाटेल." घर पाहायला वडीलधारे माणूस सोबत न्यावे, ही आपल्याकडची रीत ती मुले सातासमुद्रापलीकडेही विसरली नव्हती. आम्ही गेलो.

सोहो म्हणजे मॅनहॅटनमधील ह्यूस्टन रस्त्याच्या दक्षिणेचा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापडाच्या वखारी, मोठी दुकाने आणि कारखाने उभे राहिले. त्यांचे दर्शनी भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत. खांब, कमानी, कंगोरे हे सारे ओतशाळेत साच्यातून काढायचे, जागेवर आणून बोल्टांनी जोडायचे आणि वरून असा रंग द्यायचा की पाहणाऱ्याला दगडच वाटावा. ब्रॉडवे आणि ब्रूम रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८५७ साली उभी राहिलेली हॉवट इमारत अशीच आहे. एलिशा ओटिस यांची माणसे वाहून नेणारी लिफ्ट प्रथम त्याच इमारतीत चालू झाली. या वारशाच्या रक्षणासाठी १९७० साली संस्था काढणाऱ्या मार्गो गेल या बाई लोकांच्या हाती लोहचुंबक देत. भिंतीला चिकटला तर बीड, नाही तर दगड. सोंग ओळखण्याची एवढी सोपी परीक्षा माणसांच्या बाबतीतही असती तर किती बरे झाले असते!

विसाव्या शतकाच्या मध्याला या भागाला उतरती कळा लागली. आगी इतक्या लागत की बंबवाले त्याला 'नरकाचे शंभर एकर' म्हणत. शहराच्या मध्यातून महामार्ग नेऊ पाहणारे रॉबर्ट मोझेस यांना हा सारा पट्टा पाडण्याजोगा वाटला. ब्रूम रस्त्यावरून दहा पदरी उन्नत मार्ग जाणार होता आणि सुमारे दोन हजार कुटुंबे उठणार होती. त्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत जेन जेकब्स यांचे नाव जगाला ठाऊक आहे. १९६८ साली त्यांना एका सुनावणीत अटकही झाली. परंतु त्यांना या लढ्यात ओढून आणणारे होते ब्रूम रस्त्यावरच्या 'मोस्ट होली क्रूसिफिक्स' या लहानशा चर्चचे धर्मगुरू, फादर जेरार्ड ला माउंटन. आपली माणसे बेघर होणार हे पाहून हा धर्मगुरू सभा भरवीत, दारोदार फिरत राहिला. अखेर १९६९ साली ती योजना बारगळली. त्या रस्त्याने चालताना आमची मान आपसूक लवली, हे सांगण्यात आम्हांला संकोच वाटत नाही.

महामार्ग टळला, पण कारखाने एकेक करून निघून गेले. रिकाम्या मजल्यांवर चित्रकार आणि शिल्पकार आले. त्यांना मोठी जागा, भरपूर उजेड आणि थोडे भाडे हवे होते. राहण्यास तेथे कायद्याची मनाई होती, म्हणून ते लपून राहात. १९६१ पासून त्यांच्या दारावर एक पाटी लागू लागली. आग लागली तर कोणत्या मजल्यावर कलावंत राहतो, हे बंबवाल्यांना कळावे म्हणून! १९७१ साली सोहोत कलावंतांचे राहणे कायदेशीर झाले, १९७३ साली तो भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर झाला, आणि १९८२ च्या कायद्याने शहरातील अशा जुन्या कारखान्यांत राहणाऱ्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले. त्यानंतर कलादालने आली, कलादालनांमागून उंची दुकाने आली, आणि दुकानांमागून ज्यांनी आयुष्यात कधी कुंचला हाती धरला नाही असे श्रीमंत रहिवासी आले.

आम्ही पाहिलेला मजला तिसरा होता. भाडे महिना नऊ हजार डॉलर. दलालाने अटी सांगितल्या. घरातील वार्षिक मिळकत मासिक भाड्याच्या चाळीसपट, म्हणजे तीन लाख साठ हजार डॉलर हवी, नाही तर तगडा जामीन हवा. अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकी; २०१९ च्या कायद्याने त्याहून अधिक घेता येत नाही. जून २०२५ पासून दलालीही, ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची असते. मुलांनी हे सारे हिशेब आधीच केले होते. खिडकीतून संध्याकाळचे ऊन लाकडी जमिनीवर पसरले होते. सूनबाई त्या उन्हात उभी राहून काहीच बोलत नव्हती. घर मनात भरल्याची ती खूण आम्ही ओळखली.

शेवटी दलालाने एक कागद पुढे केला. 'हे घर महापालिकेने प्रमाणित केलेल्या कलावंतासाठी आहे हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही तसे कलावंत नाही. पुढे काही अडचण आली तर जबाबदारी आमची,' असा त्याचा आशय. डिसेंबर २०२१ मध्ये महापालिकेने या भागाचे नियम बदलले, तरी ज्या जुन्या घरांची नोंद बदललेली नाही त्यांना ती अट अद्याप चिकटून आहे. "सगळेच सही करतात," दलाल म्हणाला. आमचा मुलगा हसून म्हणाला, "फादर, गावच्या बँडमध्ये मी ट्रम्पेट वाजवायचो. ते चालेल का?" आम्हीही हसलो. मग त्याने हसू आवरून विचारले, "ही सही म्हणजे खोटे बोलणे आहे का?"

प्रश्न अवघड होता. कागदात असत्य एकही नव्हते. उलट, आपण नियम मोडीत आहोत हे त्यात स्वच्छ लिहिले होते. खोटे नसलेल्या कागदावरही माणसाने सही करावी की नाही, हा विवेकाचा प्रश्न होता, आणि दुसऱ्याच्या विवेकाची किल्ली आमच्या खिशात नसते. आम्ही एवढेच म्हणालो, "बाळा, ही अट कोणासाठी घातली होती ते आधी पाहा. मग ठरव."

ते पाहण्याची संधी लिफ्टमध्येच मिळाली. दुसऱ्या मजल्यावर एक वृद्ध चित्रकार बाई राहतात. १९७० च्या दशकात त्या आल्या तेव्हा त्या मजल्यावर ना नळ होता ना शेगडी. न्हाणीचे टब त्यांनी आणि मित्रांनी जिन्यावरून उचलून वर नेले. कायद्यामुळे त्यांचे भाडे आजही आवाक्यात आहे. "मी गेले की माझाही मजला असाच सजेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण त्यांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. त्या आल्या तेव्हा वरच्या मजल्यावर शिवणयंत्रे चालत होती आणि पोर्तो रिकोच्या बायका तेथे कामाला येत. "आमच्यासाठी कायदा झाला, त्यांच्यासाठी कोणी केला?"

तो प्रश्न आम्ही बरोबर घेऊन आलो. १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये तो कायदा झाला, त्याच वर्षी १८ जानेवारीस मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. पुढे गिरण्यांच्या जागी मनोरे आणि मॉल उभे राहिले, हे आपण सारे जाणतोच. काही ठिकाणी जुनी चिमणी तेवढी शोभेसाठी राखली. वास्तूचा वारसा जपणे सोपे असते, कारण खांब भाडेवाढीने गाव सोडून जात नाहीत.

मुलांनी दोन दिवसांनी दलालास नकार कळविला आणि हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत साधे घर घेतले. त्यांनी फार मोठा त्याग केला असे आम्ही म्हणणार नाही. ते घरही चांगलेच आहे. सही करणाऱ्यांनाही आम्ही दोष देत नाही. कोणीच राहिले नाही तर त्या इमारती पडतील, हेही खरे. आम्हां धर्मगुरूंना तर दर काही वर्षांनी बदली ठरलेली. ज्या खोलीत झोपतो तिच्या भिंतीवरचा खिळासुद्धा आधीच्या कोणीतरी ठोकलेला असतो. त्यामुळे आपल्याआधी येथे कोणी होते, ही जाणीव आम्हांला आयती मिळते. ज्यांना ती आयती मिळत नाही, त्यांनी ती मागून घ्यावी.

घर भाड्याने घेताना आपण विचारतो, पाणी किती वेळ येते, शेजार कसा आहे, अनामत परत केव्हा मिळेल. वाचकहो, त्यांत आणखी एक प्रश्न घालावा: येथे आधी कोण राहात होते, आणि ते कोठे गेले?