आठवीनंतरचा पोशाख : जुन्नर-आंबेगावच्या आश्रमशाळांतील थोरल्या मुली

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला, डोंगरपट्ट्यातील शासकीय आश्रमशाळांत राहून शिकणाऱ्या मुलींचा पोशाख आठवीत बदलतो. सातवीपर्यंत शर्ट-स्कर्टमध्ये वावरणारी मुलगी आठवीत गेली की सलवार, कमीज आणि ओढणी वापरू लागते. मुलींच्या तोंडी याचे नाव पंजाबी ड्रेस. गणवेशाच्या या बदलाबरोबर केस, चालणे-बोलणे, खेळ, झोपतानाचे कपडे, सुट्टीत गावी जातानाचे कपडे या सगळ्यांविषयीच्या अपेक्षाही बदलतात. त्यांतल्या थोड्या सूचनाफलकावर लिहिलेल्या असतात; बाकीच्या अधीक्षिका, शिक्षिका आणि वरच्या वर्गातल्या मुली तोंडी सांगतात. प्रस्तुत लेखिका या पट्ट्यातील एका आश्रमशाळेत पाचवी ते दहावी राहिली, पुढची दोन वर्षे तालुक्याच्या गावी वसतिगृहात होती आणि नंतर आश्रमशाळेतच शिकवू लागली. पुढील माहिती या तिन्ही काळांतल्या अनुभवातून आलेली आहे.

या भागातील शासकीय आश्रमशाळांचा कारभार घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो. आंबेगाव तालुक्यात आहुपे, तेरुंगण, असाणे, राजपूर, गोहे येथे आणि जुन्नर तालुक्यात सोनावळे, अजनावळे, खटकाळे, मुथाळणे येथे अशा शाळा आहेत. विद्यार्थी प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजांतले, काही कातकरी. घरे वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयामुळे कित्येक गावांमधले रस्ते लांबले आहेत. त्यामुळे रोज घरून जाऊन-येऊन शिकणे अनेकींना शक्य नसते. वर्ग मुलामुलींचे एकत्र, निवास मात्र वेगळा. मुलगी जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन येते ती दिवाळीपर्यंत बहुतेक तिथेच राहते. तिच्या अंगावर काय असावे, याचा निर्णय त्यामुळे आईच्या हातून शाळेच्या हाती जातो.

आठवीची सीमारेषा फक्त आश्रमशाळांची नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी राज्यातील सरकारी शाळांत एकसारखा गणवेश ठरवण्यात आला. त्यातही लहान मुलींना पिनो फ्रॉक, पाचवी ते सातवीला शर्ट-स्कर्ट आणि आठवीला सलवार-कमीज व ओढणी अशीच विभागणी होती. अंगाची वाढ दिसू लागते ते वय आणि आठवीचा वर्ग जवळपास एकत्र येतात, हे या विभागणीमागचे कारण असावे. प्रत्यक्षात वाढ वर्ग पाहून होत नाही. एखादी मुलगी सहावीतच मोठी दिसू लागते आणि आखूड स्कर्ट सतत खाली ओढत वर्गात बसते. फळ्यापाशी बोलावले तर उठायला तयार नसते. अशा मुलीला वर्गाची अट न घालता सलवार घालू देणारी शिक्षिका तिचे वर्ष वाचवते. उलट नववीतली एखादी किरकोळ बांध्याची मुलगी मोठ्या मापाच्या कमीजमध्ये हरवून जाते.

नव्या पोशाखात सर्वाधिक लक्ष ओढणीवर असते. घड्या घालून ती दोन्ही खांद्यांवरून व्हीच्या आकारात छातीवर घ्यायची, दोन्ही खांद्यांवर पिना लावायच्या आणि कमरेला पट्टा असेल तर टोके त्याखाली दाबायची, ही रीत नवव्या-दहाव्या इयत्तेतल्या मुली आठवीच्या मुलींना शिकवतात. पिन हरवली तर ओढणी सरकते, आणि ओढणी सरकली की परिपाठाच्या रांगेत नाव घेतले जाते. म्हणून प्रत्येकीच्या पेटीत पिनांचा साठा असतो आणि उसनी घेतलेली पिन परत करणे हा मैत्रीतला काटेकोर व्यवहार असतो.

ओढणीमुळे मुलीला आधार वाटतो, हे खरे आहे. डोंगरातली वाट, एसटीचा थांबा, बाजार अशा ठिकाणी ती अंगाभोवती घेता येते. थंडीत कान बांधता येतात, उन्हात डोके झाकता येते. पण अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. जेवणाच्या रांगेत गरम आमटीच्या पातेल्यावर वाकताना, प्रयोगशाळेत ज्योतीजवळ उभे असताना आणि सुट्टीत घरी चुलीपुढे बसताना लोंबते टोक धोक्याचे ठरते. प्रयोगाच्या तासाला ओढणी काढून ठेवावी किंवा पाठीमागे गाठ मारावी, ही सूचना प्रत्येक विज्ञान शिक्षकाने न लाजता दिली पाहिजे. अनेक ठिकाणी संकोचापोटी ती दिली जात नाही, आणि मुलगी स्वतःहून ओढणी काढण्याचे धाडस करत नाही.

केसांचे नियम पोशाखाइतकेच पक्के असतात. तेल लावून दोन वेण्या, त्या वर दुमडून कानांमागे रिबिनीने बांधलेल्या. एका खोलीत अनेक मुली शेजारी-शेजारी झोपत असल्यामुळे उवा झपाट्याने पसरतात. बांधलेल्या केसांचा तिथे उपयोग होतो. त्यासाठी पहाटेचा बराच वेळ जातो. आंघोळीची रांग, पाण्याची बादली, मग एकमेकींच्या वेण्या. थोरल्या मुलींकडे धाकट्यांच्या वेण्याही असतात. पाचवीतली रडवेली मुलगी पहिल्यांदा शांत होते ती अशाच कुणा ताईच्या पुढ्यात केस विंचरून घेताना. मात्र दहावीच्या मुलीला सकाळी अभ्यासाला मिळणारा वेळ यातच कमी होतो. लेखिका शिकवू लागल्यावर तिच्या शाळेत दहावीच्या मुलींना एका वेणीची मुभा देण्यात आली. त्यातून कोणतीही बेशिस्त उद्भवली नाही.

वर्गाबाहेरच्या कपड्यांबाबत लिखित नियम कमी आणि बंधने जास्त असतात. संध्याकाळी गाऊन किंवा सैल टॉप आणि पायजमा चालतो, परंतु गाऊन घालून जेवणघराकडे जायचे तर वर ओढणी हवी, कारण वाट मैदानावरून जाते आणि मैदानावर मुले असतात. बाह्या कोपरापर्यंत, गळा लहान, कपडा पारदर्शक नको, आत समीज हवीच. नखे वाढवायची नाहीत, मेंदी आणि नेलपॉलिश सुट्टीतच. कानांत साध्या रिंगा चालतात. सोन्याचा मणी असेल तर तो पालकांकडे द्यावा, असे सांगितले जाते, कारण हरवला तर संशय खोलीतल्या सगळ्यांवर येतो. यातला चोरी-हरवण्याचा आणि गरिबी-श्रीमंती न दिसण्याचा विचार मुलींना पटतो. बाहीची लांबी मोजणे पटत नाही, आणि त्याची कारणे त्यांना कुणी सांगत नाही.

भीमाशंकर ते नाणेघाट या डोंगररांगेवरचा पाऊस हा या पोशाखाचा सर्वांत कठीण परीक्षक आहे. जून ते सप्टेंबर दिवसचे दिवस ऊन पडत नाही, धुके खोलीत शिरते. सलवार, कमीज, ओढणी, समीज आणि आतले कपडे मिळून रोज धुवायचे कापड स्कर्टच्या काळापेक्षा दुपटीहून जास्त होते. दोन गणवेशांतला एक अंगावर, दुसरा दोरीवर. आणि दोरीवरचा तिसऱ्या दिवशीही ओला. मुली ओलसर सलवार घालून वर्गात बसतात, मांड्यांना आणि कमरेला खाज-गजकर्ण होतो, आणि तो दाखवायचा कुणाला, या लाजेने वाढतो. आतले कपडे वाळवण्याची अडचण आणखी मोठी. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ओढणीखाली, पेटीमागे किंवा खाटेच्या दांडीवर वाळत घातले जातात, आणि हवा-ऊन न लागल्याने ते वाळत नाहीत. निवासाच्या मागच्या बाजूला आडोसा असलेली, वर पत्रा टाकलेली वाळवणाची जागा ही थोरल्या मुलींसाठी गणवेशाइतकीच आवश्यक गोष्ट आहे.

मासिक पाळीच्या दिवसांत पोशाखाची चिंता सर्वाधिक असते. बऱ्याच शाळांत आठवड्यातल्या एका दिवशी पीटीसाठी पांढरा गणवेश असतो. त्या दिवशी पाळी आलेली मुलगी मैदानावर उभी राहते ती मागे काही दिसत तर नाही ना, या एकाच विचारात. मैत्रिणी रांगेत तिच्या मागे उभ्या राहतात आणि नजरेने तिला सांगत राहतात. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली आणि जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट ५ रुपयांत देण्याचे ठरवले. त्या निमित्ताने ग्रामीण शाळांत हा विषय मोकळेपणाने बोलला जाऊ लागला. तरीही पांढऱ्या सलवारीऐवजी गडद रंगाची ट्रॅकपँट ठेवणे हा साधा, बिनखर्चाचा उपाय सगळीकडे पोहोचलेला नाही.

कपडे मिळण्याची पद्धत मधल्या काळात बदलली. लेखिका विद्यार्थिनी असताना गणवेश, रात्रीचे कपडे, स्वेटर, चपला, तेल, साबण हे सगळे शाळेतूनच वाटले जाई. माप अंदाजाने घेतलेले असे आणि वाटप कधी पावसाळा सरल्यावर होई. आलेले कमीज उसवून, पुन्हा टीप घालून अंगासारखे करणे थोरल्या मुलींना येतच असे. पुढे आदिवासी विकास विभागाने अनेक वस्तूंऐवजी थेट बँक खात्यात रक्कम देण्याची पद्धत आणली. २०१७ मध्ये ही वार्षिक रक्कम पहिली ते चौथीसाठी ७,५००, पाचवी ते नववीसाठी ८,५०० आणि दहावी ते बारावीसाठी ९,५०० रुपये अशी होती. या बदलामुळे मुलीला आपल्या मापाचा, आपल्या पसंतीचा कपडा घेता येण्याची सोय झाली. पण पैसे खात्यात उशिरा आले किंवा घरात बी-बियाण्याला लागले की पेटी रिकामीच राहते. जूनमधला खर्च बहुतेक आया बाळहिरडा विकून भागवतात. उन्हाळ्यात रानात वेचून वाळवलेल्या हिरड्याचे पैसे आणि शाळा सुरू होण्याची वेळ जुळते, म्हणून निदान एक ड्रेस शिवून होतो. शिंपी कमीजला आत भरपूर दाब सोडतो, म्हणजे पुढच्या वर्षी तोच सोडवून वापरता येतो.

मुलींच्या घरचा पारंपरिक पोशाख या साऱ्यापेक्षा निराळा आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजांतल्या वयस्क बायका लुगडे कासोटा घालून, गुडघ्यापर्यंत आवरून नेसतात. भाताच्या आवणीला चिखलात उभे राहायचे, डोंगर चढायचा, लाकडाचा भारा आणायचा, तर असेच नेसणे सोयीचे. उघड्या पोटऱ्यांची त्या घरात कुणाला लाज वाटत नाही. शाळेत मात्र त्याच घरच्या मुलीला घोट्यापर्यंत पाय झाकायला शिकवले जाते. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनी याच मुली आजीचे लुगडे नेसून, अंबाड्यात फुले खोवून व्यासपीठावर नाचतात आणि सगळे कौतुक करतात. एक दिवस अभिमानाने मिरवलेला पोशाख एरवी गावंढळ ठरू नये, याची काळजी शिक्षकांनी घ्यायला हवी. आजीच्या नेसण्यात कामाची सोय आणि शालीनता एकत्र नांदत होती, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

खेळाच्या मैदानावर नियम आपोआप सैल होतात. प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांत कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यतींत या मुली टीशर्ट आणि ट्रॅकपँट किंवा शॉर्ट घालून उतरतात. सुरुवातीला संकोच असतो. सराव सुरू झाला की तो जातो. ओढणी पिनांनी बांधलेली मुलगी आणि बोनस रेषा ओलांडणारी मुलगी एकच असते, आणि तिच्या वागण्यात दोन्हीकडे काही उणे नसते. ज्या गावांनी मुलींना जिंकून परतताना पाहिले, तिथे ट्रॅकपँटबद्दलची कुजबुज थांबली, असा लेखिकेचा अनुभव आहे.

दहावीनंतर मुली घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरच्या शासकीय आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत राहून गावातल्या महाविद्यालयांत शिकतात. इथे गृहपालांचे नियम वेळेचे असतात, कपड्यांचे कमी. अडचण वेगळी येते. बागायती पट्ट्यातल्या मुलींचे कपडे, त्यांची जीन्स, त्यांच्या चपला पाहून डोंगरातली मुलगी आपल्या दोन ड्रेसमध्ये अवघडते. आश्रमशाळेच्या गणवेशाने झाकलेला फरक इथे उघडा पडतो. तिने पहिली जीन्स घेतली की सुट्टीत गावी जाताना ती पिशवीच्या तळाशी ठेवते आणि ड्रेस घालून एसटीत बसते. घरच्यांना दुखवायचे नाही आणि स्वतःलाही मागे ठेवायचे नाही, यासाठी तिने काढलेली ही समजूतदार वाट आहे. तिला दुटप्पी म्हणणे अन्यायाचे होईल.

शाळेच्या गणवेशाबाबत इतरत्र वेगळे प्रयोग झाले आहेत. केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातील बालुश्शेरी येथील सरकारी मुलींच्या उच्च माध्यमिक शाळेने डिसेंबर २०२१ मध्ये अकरावीसाठी पँट-शर्टचा गणवेश आणला. काही संघटनांनी विरोध केला, अनेक मुलींनी चालणे-धावणे सोपे झाल्याचे सांगितले. जुन्नर-आंबेगावात नेमका तोच गणवेश हवा असे नाही. डोंगरातल्या मुलीला सलवार सोयीची आहे आणि ती तिला आवडतेही.

थोरल्या मुलींच्या पोशाखाचा कोणताही नियम चार कसोट्यांवर तपासता येतो: तो मुलीच्या अंगाला आणि कामाला सोयीचा आहे का; पावसाळ्यात तो पाळता येईल इतके कपडे आणि वाळवणाची जागा तिला दिली आहे का; त्याचे कारण तिला सांगितले आहे का; आणि तो ठरवताना तिला विचारले आहे का. मुलांच्या नजरेची जबाबदारी मुलींच्या ओढणीवर टाकणारा नियम या कसोट्यांवर टिकत नाही. ती जबाबदारी मुलांना शिकवणाऱ्यांची आहे. ऊब, स्वच्छता, समानता आणि सुरक्षितता यांसाठी केलेले नियम टिकतात, आणि मुली ते मनापासून पाळतात. शालेय व्यवस्थापन समितीच्या जूनमधल्या पहिल्या बैठकीला नववी-दहावीच्या दोन-तीन मुलींना बोलावून गणवेशाचे कापड, माप आणि रंग त्यांच्यासमोर ठरवला, तर यातले बहुतेक प्रश्न त्याच दिवशी मार्गी लागू शकतात.