पानावरचे मीठ

आमच्या सदाशिव पेठेतील घरी पान वाढावयाचे ते प्रथम मिठापासून, ही रीतच आहे. काकांना यकृताच्या विकाराने जलोदर झाले, तेव्हा लघवीच्या गोळ्यांनी सूज ओसरली. परंतु मूत्रपिंडे थकू लागताच डॉक्टरांनी त्या थांबविल्या. आता पोटातील पाणी सुईने काढतात, आणि ५ लिटरांहून अधिक काढल्यास मूत्रपिंडांच्या रक्षणार्थ लिटरामागे सुमारे ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. सारे पाणी एकाच दिवशी काढू नये, असे सुश्रुतानेही बजाविले आहे. तथापि पाणी पुन्हा साचतेच. त्याचा वेग कमी करणे मात्र स्वयंपाकघराच्या हाती. दिवसाचे मीठ सुमारे ५ ग्रॅम, लोणचे-पापड वर्ज्य. काका रुसले. त्या रात्री काकूंनी आपल्याही पानावर मीठ वाढू दिले नाही. काकांनी ते पाहिले, आणि ते मुकाट्याने जेवू लागले.