निरर्थकाची सही

एखादे गाणे 'मूळ' कोणाचे, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. ध्वनिमुद्रिकेवर गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे छापलेली असतात, आणि त्यापलीकडे जाण्याची गरज श्रोत्याला सहसा भासत नाही. साहित्याच्या अभ्यासकाचे मात्र तेवढ्याने भागू नये. ओवीचा कर्ता कोण, अनुवादात नेमका कोणाचा आवाज ऐकू येतो, असे प्रश्न आपण वर्गात नित्य विचारतो. तेच प्रश्न एका 'थिल्लर' समजल्या गेलेल्या गाण्याला विचारून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाणे सर्वांच्या परिचयाचे आहे : 'ईना मीना डीका'. १९५७ सालच्या 'आशा' या हिंदी चित्रपटातले, राजेंद्र कृष्ण यांनी लिहिलेले आणि सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केलेले. हिंदी चित्रपटातील आरंभीच्या रॉक अँड रोल गाण्यांत त्याची गणना होते. त्याचा पाठभेद बाहेरून यावा लागला नाही. तो चित्रपटातच आहे. एक पाठ किशोर कुमारांचा, दुसरा आशा भोसल्यांचा. तीच चाल, परंतु किशोर कुमारांच्या गळ्यात ती उंडारते, तर आशाबाईंच्या गळ्यात ती ठेका मुठीत धरून चालते. यांतला मूळ कोणता आणि पुनर्गायन कोणते, हे ठरवण्याचा आग्रह धरला तर हाती काहीच लागत नाही.

या गाण्यावर नेहमीचा आक्षेप असा की ते अमेरिकी संगीताचे अनुकरण आहे. विद्यार्थी हा आक्षेप मोठ्या आत्मविश्वासाने घेतात. अशा वेळी मी त्यांना 'मुळा'कडे पाठवते. बिल हेली आणि त्याच्या साथीदारांनी 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४च्या एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित केले. पण त्याआधी काही आठवडे सनी डे नावाच्या गायकाचे ध्वनिमुद्रण झालेले होते. 'हाउंड डॉग' जगाला ठाऊक आहे ते एल्विस प्रेस्लीच्या १९५६ सालच्या गायनामुळे. ते त्याआधी गायले होते बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने, आणि तिच्यासाठी ते लिहिले होते दोन गोऱ्या तरुणांनी. रॉक अँड रोलचा उगम शोधायला जावे, तर एका पुनर्गायनामागे दुसरे गायन उभे दिसते. अनुकरण हा या संगीताचा दोष नसून त्याची वाढण्याची रीतच आहे. कोणाच्या खांद्यावर उभे राहून कोणाचे नाव झाले, हा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही. उलट तो अधिक टोचू लागतो.

सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांना नावांची वाण नव्हती. संगीतकार म्हणून एक नाव, गायक म्हणून नुसते 'चितळकर', आरंभीच्या काळात राम चितळकर आणि अण्णासाहेब हीही नावे. त्यांच्या संगीताला पाश्चात्त्य अंग मिळाले त्यात मुंबईतील गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा मोठा वाटा होता. 'अलबेला'च्या (१९५१) वेळी त्यांच्यासोबत ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, ज्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. 'ईना मीना डीका'च्या वेळी साहाय्यक होते जॉन गोम्स. असे सांगितले जाते की संगीतकक्षाबाहेर मुले खेळत होती आणि राज्य कोणावर येणार हे ठरवण्यासाठी 'ईनी मीनी' असे काहीतरी म्हणत होती. ते बोल ऐकून सी. रामचंद्र आणि गोम्स यांनी पहिली ओळ रचली. पुढे एकावर एक निरर्थक बोल चढत गेले आणि त्यांत गोम्स यांनी आपल्या कोकणीतले, 'मला नको' या अर्थाचे दोन शब्द हळूच बसवले.

मुलांच्या त्या बडबडगीताचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्याच्या अमेरिकी पाठात कृष्णवर्णीयांना उद्देशून एक अवमानकारक शब्द होता. मुंबईत त्यातला नाद तेवढा गाण्यात उतरला. शिवी मागेच गळून पडली. अर्थ न कळता केलेली उचल कधी कधी मूळ संहितेपेक्षा निर्मळ निघते, असे म्हणायला जागा आहे.

आता त्या दोन कोकणी शब्दांविषयी. देवनारला आमच्या इमारतीत गोव्याहून आलेले एक वृद्ध व्हायोलिनवादक राहत. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी पंचवीसेक वर्षे वाजवले होते. एका वर्षी गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राने 'ईना मीना डीका' घेतले. खुर्च्या मागे सरकवून सगळे नाचू लागले. हे एकटे बसून होते आणि एका विशिष्ट जागी, दर खेपेस, खुदकन हसत होते. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "टीचर, हसू नको तर काय करू? तो बिचारा 'मला नको, मला नको' म्हणतोय आणि तुम्ही सगळे नाचताय!"

त्या मांडवातल्या शंभरएक माणसांत त्या ओळीला अर्थ होता तो एकट्या अंकलना. मला तेव्हापासून वाटू लागले की 'निरर्थक' हा शब्दाचा गुण नसतो. तो आपल्या कानाने दिलेला निकाल असतो. गाण्याच्या श्रेयनामावलीत ठळकपणे न आलेल्या माणसाने आपल्या भाषेचे दोन शब्द बडबडीच्या वेषात आत सोडले, आणि बडबड म्हणून त्यांना कोणी अडवले नाही. गाण्यावरची त्याची सही ती हीच.

या सहीचे मोल कळायचे तर कायद्याकडे पाहावे लागते. आपला प्रताधिकार कायदाही नेमका १९५७ सालचा. सांगीतिक कृती म्हणजे लिहून वा छापून ठेवलेली स्वररचना, अशी त्यातली मूळ व्याख्या होती. ती १९९४च्या दुरुस्तीने बदलली. गंमत अशी की चित्रपटसंगीतात स्वर कागदावर उतरवण्याचे काम बहुधा गोमंतकीय संयोजकच करीत. स्टाफ नोटेशन त्यांना येई. संगीतकार चाल गाऊन वा पेटीवर वाजवून दाखवी, हे ती लिहून घेत आणि वाद्यावाद्याला वाटून देत. लिहिणारा एक, कर्ता दुसरा. वादकांच्या सादरीकरणाला कायद्याने हक्क मिळाला तोही १९९४मध्येच. २०१२च्या दुरुस्तीनुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी, ठरलेले मानधन भरून, कोणालाही गाण्याचे पुनर्गायन काढता येते. त्या मानधनाचे धनी गीतकार आणि संगीतकार. संयोजकाचा रकाना तिथेही नाही.

अंकल गेले. मुलगा परदेशात, घर विकायचे ठरले. स्वरलेखनाच्या कागदांचे गठ्ठे गोवंडीच्या रद्दीवाल्याकडे निघाले होते, त्यांतले थोडे मी मागून घेतले. पिवळे पडलेले कागद, निळी शाई, कोपऱ्यात चित्रपटाचे नाव आणि वाद्याचे नाव. लिहिणाऱ्याचे नाव एकाही कागदावर नाही. आमच्या घरापासून जवळच, चेंबूरला, आर. के. स्टुडिओ होता. २०१७ साली त्याला आग लागली, पुढे जागा विकली गेली, आणि त्याविषयी वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. ती योग्यच होती. त्या स्टुडिओच्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या शंकर-जयकिशन यांच्यासाठी दीर्घकाळ संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा मात्र किती जणांना आठवले असतील?

इकडे गाण्याचे चालूच आहे. १९९४ साली त्याच्या शीर्षकाने एक हिंदी चित्रपट आला. पुढे लहान मुलांच्या अ‍ॅनिमेशन मालिकेलाही तेच नाव मिळाले. मुलांच्या खेळातून उचललेले बोल मुलांकडे परत गेले. लग्नाच्या बँडमध्ये, शाळेच्या स्नेहसंमेलनात ते गाणे सतत नव्याने गायले जाते. गायक ठेका बदलतात, वाद्ये बदलतात, मधली कडवी गाळतात. बडबडीला मात्र सहसा कोणी हात लावत नाही. ज्याला अर्थ आहे असे वाटते ते आपण दुरुस्त करायला धजतो. ज्याला अर्थच नाही ते जसेच्या तसे जपावे लागते. म्हणूनच ते दोन कोकणी शब्द इतक्या गळ्यांतून जाऊनही शाबूत राहिले.

संहितेच्या सूक्ष्म वाचनाविषयी आपण पुष्कळ बोलतो. ते करताना जे आपल्याला नुसता नाद वाटते त्यापाशी थोडे अधिक थांबावे. कोणाची तरी मातृभाषा तिथे दबा धरून बसलेली असू शकते.