ओसरीवरची फळी

आमच्या साक्रीच्या घरीं येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट घेतांच ओसरीच्या टोंकाकडे पाहतो व विचारतो, “एवढी लांब इस्त्रीची फळी कशाला हो?” एका चौकस गृहस्थांनीं तो होडीचा तुकडा असल्याचें ठरविलें, एका मावशींनीं तर तिच्यावर किती पापड वाळतील याचा हिशेब तेथल्या तेथें केला. आम्ही सर्वांस एकच उत्तर देतों, कीं ही बर्फावरून घसरण्याची फळी आहे. या खेळास स्नोबोर्डिंग म्हणतात. त्यावर येणारा दुसरा प्रश्न अधिक अवघड असतो: “पण साक्रींत बर्फ कोठें आहे?”

प्रश्न रास्त आहे. कान नदीच्या कांठच्या या गांवीं उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि बर्फ दिसलाच तर तो रसवंतीवर, गोणपाटांत गुंडाळलेला! परंतु नोकरीच्या निमित्तानें आमचीं बारा वर्षें जपानांत गेलीं, आणि तेथें वयाच्या अडतिसाव्या वर्षीं हा वयास न शोभणारा छंद आम्हांस जडला. नागानो प्रांतांत नोझावा ओन्सेन नांवाचें ऊन पाण्याच्या झऱ्यांचें एक गांव आहे. तेथल्या उतारावर आम्ही प्रथम ही फळी पायांस बांधली.

त्या बाजूस एवढा हिमवर्षाव कां होतो, तें कळलें तेव्हां आम्हांस घरचीच आठवण झाली. सैबेरियाकडचे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून येतांना बाष्प उचलतात, मधल्या डोंगरांवर आदळतात व तें सारें हिमरूपानें टाकून देतात. पलीकडे टोकियोस मात्र कोरडें ऊन. अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होऊन खानदेशच्या वांट्यास उरलेंसुरलें येतें, तोच हा न्याय! पर्जन्यछायेंत वाढलेल्या माणसास डोंगराची ती दुसरी बाजू पाहावयास मिळाली, हें आम्ही भाग्य समजतों.

खेळ तसा अलीकडचा. १९६५ सालीं अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील शर्मन पॉपेन या गृहस्थांनीं मुलींच्या करमणुकीसाठीं दोन स्की एकत्र जोडल्या, तेथून त्याचा प्रारंभ. आणि ऑलिंपिकच्या मांडवांत त्याचा प्रवेश झाला तो १९९८ सालीं, याच नागानोंत. आमच्या शिक्षकानें पहिली सबंध दुपार केवळ पडावयास शिकविण्यांत घालविली. पडतांना तळहात पुढें टेकूं नयेत, कारण या खेळांत मनगटें फार मोडतात. मुठी मिटाव्या, गुडघे वांकवावे, अंग सैल सोडावें. आणि घसरतांना नजर पायांकडे मुळींच नेऊं नये. जेथें जावयाचें तेथें पाहावें, पाय मागून येतात.

दुसरी कसोटी पोटाची. आम्ही शाकाहारी. जपानांत निव्वळ भाजी मागितली तरी तिच्या रश्शांत ‘दाशी’ असते, आणि दाशी बहुधा वाळविलेल्या माशाचा अर्क. पानांत मासा दिसत नाहीं, पण असतो. ही फसगत आम्हीं कितीदां सोसली, तें देवच जाणे. पुढें बौद्ध मठांतील निरामिष स्वयंपाकाची ओळख झाली. त्यांत दाशी ‘कोम्बू’ नामक समुद्रशेवाळाची व वाळक्या अळंब्यांची करतात. मग आमचे शोध सुरू झाले. ‘कोन्न्याकु’ नांवाची करडी, लिबलिबीत वडी ज्या कंदाची करतात, तो आमच्या सुरणाचा चुलतभाऊ निघाला! ‘उमेबोशी’ हें मीठ लावून उन्हांत वाळविलेलें आंबट फळ चाखतांच आईची लोणच्याची बरणी डोळ्यांपुढें आली. आणि नागानोची ‘ओयाकी’! पिठाच्या पारींत वांगें, भोपळा किंवा ‘नोझावाना’ ही पालेभाजी भरून केलेला हा गोळा पूर्वीं चुलीच्या राखेंत भाजीत. भिजून, गारठून आल्यावर ती ऊन ऊन हातांत घेतली, कीं आम्हांस घरच्या बट्टीचा वास येई.

चार वर्षांपूर्वीं आई न्हाणीघरांत पडली व तिचें खुब्याचें हाड मोडलें. आम्ही फळीसह साक्रीस परतलों. शस्त्रक्रिया यथास्थित झाली, पण आईच्या पायांतला धीर गेला. डॉक्टर म्हणत, रोज चाला, आई म्हणे, “पुन्हां पडलें तर?”

इकडे आमचा छंद किरकोळ कटकटींशीं झुंजत चालला. पावसाळ्यांत फळीच्या पोलादी कडा गंजतात. उन्हाळ्यांत तिच्या पोटाचें मेण मऊ होतें. मिसो करावयास तांदळावर वाढविलेली एक विशिष्ट बुरशी लागते, ती मागवावी म्हटलें, तर आई म्हणाली, “बुरशी? ती श्रावणांत फुकट मिळते!” ओयाकी मात्र येथें उत्तम होते, आंत वांग्याचें भरीत घालावें. तोल राखण्याच्या सरावासाठीं आम्ही अंगणांत नळाच्या तुकड्यावर पाट ठेवून उभे राहतों, आणि शेजारचीं मुलें कठड्यावर बसून आमचें पडणें मोठ्यानें मोजतात.

एके दिवशीं मोजणी नऊवर गेली. पलंगावरून आई म्हणाली, “अरे, नऊदां पडलास आणि मोडलें कांहींच नाहीं?” आम्ही म्हणालों, “तुला पडावयाचें नाहीं, आई. गुडघा किंचित् वांकव, आणि पायांकडे पाहूं नकोस. त्या फळीकडे पाहा.” त्या दिवशीं वॉकर धरून ती तीन पावलें चालली.

तेव्हांपासून फळी कपाटावरून उतरून, आईच्याच हुकुमानें, ओसरीच्या टोंकास उभी आहे. पलंगापासून तेथपर्यंत बावीस पावलें. रोज सकाळीं आई जाते, फडक्यानें फळी पुसते आणि परत येते. येत्या माघांत ताई आठ दिवस राहावयास येणार आहे, व आम्ही गुलमर्गास जाऊन येणार आहों. आईचा आग्रहच आहे. तिची तक्रार एवढीच: “तूं फळी घेऊन गेल्यावर मीं आठ दिवस पुसूं काय?”