चांदीचं आधीचं घर

चांदी आमच्याकडे आली ती परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातून. पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट पशु रुग्णालय, पण लालबाग-परळमध्ये सगळे त्याला बैलघोडाच म्हणतात. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, याच भागात वाढले, इथल्याच गिरणीत कामाला होते. घरात कुत्रं आणायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली: पिल्लू नको. "पिल्लं काय, कुणीही उचलतं," ते म्हणाले, "मोठ्यांना कोण नेणार?"

तिथे गेल्यावर पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी गर्दी होतीच. अण्णा न थांबता पुढे गेले आणि तिथल्या माणसाला विचारलं, "इथं सगळ्यांत जास्त दिवस कोण आहे?" त्यानं शेवटचा पिंजरा दाखवला. आत काळीभोर कुत्री बसली होती. छातीवर पांढरा पट्टा, एक कान मोडलेला. ती गजांपाशी आली नाही, भुंकली नाही. अण्णांकडे पाहून तिनं शेपटीचं टोक तेवढं हलवलं. कागदावर लिहिलं होतं: मादी, वय अंदाजे 5 वर्षं, नसबंदी झालेली, लशी दिलेल्या. रात्री कुणीतरी फाटकाला बांधून निघून गेलं होतं. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा होता.

म्हणजे तिला घर होतं.

या गावात कुत्र्यांसाठी माणसं उभी राहिली त्याला बरीच वर्षं झाली. 1832 साली कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा मुंबईतले पारशी रस्त्यावर उतरले. त्यांच्या अंत्यविधीत मृताला कुत्र्याच्या नजरेखालून न्यावं लागतं, त्या विधीला सगदीद म्हणतात. अशा प्राण्याला काठीनं मारलेलं त्यांना कसं बघवणार? दुकानं बंद झाली, लष्कराची रसद अडवली गेली. दोन वर्षांनी जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकारानं भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. मग 1874 मध्ये प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून सोसायटी निघाली आणि 1883 मध्ये दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावानं, हे परळचं रुग्णालय झालं. फाटकाला बांधलेल्या चांदीला सकाळी उठून कुणीतरी आत घेतलं, याच्यामागे इतक्या माणसांची पुण्याई आहे.

घरी आल्यावर पहिले काही दिवस ती पलंगाखालीच होती. तिला बाहेर ओढू नका, नावानं सारखं बोलावू नका, पाणी जवळ ठेवा आणि आपापली कामं करत राहा, असं तिथं सांगितलं होतं. आम्ही तसंच वागलो. ती हळूहळू बाहेर आली आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली.

लिफ्ट तिला ठाऊक होती. दार उघडलं की आत जाऊन कोपऱ्यात वळून बसायची, कुणाच्या पायात यायची नाही. सोफ्यावर कधी चढली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायची आणि पुढचे दोन पाय बरोबर उंबऱ्याला लावून थांबायची. माझ्या मुलानं आतून उकडलेलं कोंबडीचं तंगडं दाखवलं, लाळ जमिनीवर टपकली, तरी पाय पुढे पडला नाही. शेवटची चपाती तव्यावरून उतरली की मात्र ती कुठेही असली तरी उठून उंबऱ्यापाशी यायची. शेवटची कुठली हे तिला कसं कळायचं? बहुधा गॅसचं बटण बंद झाल्याच्या आवाजावरून. शेवटची चपाती कुत्र्याची, हे त्या घरात पाळलं जात असणार. कुणा बाईनं तिला रोज ती दिली असणार, मोडून, थोडी गार करून. कारण गरम चपाती पुढे ठेवली तर चांदी ती गार होईपर्यंत नुसती बघत बसायची.

आणि दुपारी साधारण सव्वा वाजता ती दाराशी जायची. कान टवकारून, नाक दाराच्या फटीला लावून बसायची. जिन्यात चप्पल वाजली की शेपूट हलायची, मग थांबायची. अर्ध्या तासानं उठून पंख्याखाली येऊन पडायची. आमच्याकडे त्या वेळी कुणीच येत नसे. मुलाची शाळा तेव्हा दुपारची होती. अण्णांनी दोन-चार दिवस पाहिलं आणि म्हणाले, "त्या घरात शाळेत जाणारं पोर होतं."

त्या पोराचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याला काय सांगितलं असेल? गावाला पाठवली, पळून गेली, की आणखी काही?

कधी आणि का सोडली, हे आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत उमगलं. पुण्याला जायचं म्हणून माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. बॅग जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला आणि चांदी उठून उभी राहिली. कपडे भरायला लागलो तशी तिची मागची तंगडी थरथरायला लागली. अण्णा घरीच राहणार होते, तिला कुठे न्यायचंही नव्हतं, पण ते तिला कोण समजावणार? रात्री जेवली नाही. बॅगेला अंग लावून, दाराकडे तोंड करून रात्रभर जागी राहिली. घर बदलताना सामानात तिची जागा नव्हती, एवढं मला त्या रात्री कळलं. तेव्हापासून आमच्याकडे बॅगा शेजारच्यांच्या घरी भरल्या जायच्या.

पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे जास्तीत जास्त 50 रुपये. हा आकडा वाचला तेव्हा मला रडू आलं. थरथरणारी ती तंगडी ज्यानं पाहिली आहे त्यानं सांगावं, हा हिशोब कसा करायचा.

लालबागमध्ये गणपतीचे दिवस म्हणजे ढोल, ताशे आणि फटाके. माणसाला जे ऐकू येतं त्याहून कितीतरी बारीक आवाज कुत्र्याला ऐकू येतात. विसर्जनाच्या दिवशी तर मिरवणूक सकाळी निघते ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. घरात सगळ्यांत आतली जागा म्हणजे बाथरूम. अण्णा तिथे स्टूल टाकून बसायचे, चांदी त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून. ते तिला पेपर वाचून दाखवायचे, अग्रलेखापासून बाजारभावापर्यंत, एका सुरात. आवाज वाढला की तेही आवाज चढवायचे. लालबागच्या राजाचं दर्शन वर्षानुवर्षं न चुकवलेल्या माणसानं चांदी होती तोवर दरवर्षी विसर्जनाचा दिवस बाथरूममध्ये काढला आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

मुलगा पाचवीत गेला आणि शाळा सकाळची झाली. सुटून घरी यायला त्याला सव्वा वाजायचा. पहिल्या दिवशी चांदी नेहमीसारखी दाराशी बसली होती. जिन्यात पावलं वाजली, किल्ली फिरली आणि दप्तर पाठीवर घेऊन खरोखर एक पोरगा आत आला. ती क्षणभर नुसती पाहत राहिली. मग असं काही ओरडली की समोरच्या काकू बाहेर आल्या. त्याच्याभोवती गिरक्या, दप्तराचा पट्टा दातात, मध्येच जमिनीवर लोळण. भुंकताना तिला आम्ही फारसं ऐकलंच नव्हतं. पुढे रोज तेच.

म्हातारपणी तिची मूत्रपिंडं गेली. आधी नुसतं पाणी जास्त प्यायला लागली. उन्हाळा आहे, असं आम्हाला वाटलं. डॉक्टरांनी क्रिएटिनिन तपासलं आणि सांगितलं, की हा आकडा वाढतो तोवर मूत्रपिंडाचं पाऊण काम थांबलेलं असतं. मग घरीच सलाईन. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलायची, सुई तिच्याखाली आडवी सारायची, बाटली खिडकीच्या गजाला टांगायची. पाण्याचा फुगा कातडीखाली जमायचा आणि संध्याकाळपर्यंत जिरायचा. मुलगा तिचं डोकं मांडीवर धरायचा. ती हलायची नाही. पावसाळा संपता संपता एका पहाटे ती गेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावून. वय विचारलं की अण्णा सांगतात, "आधीचं ठाऊक नाही. आमच्याकडे आठ वर्षं."

उरलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि मूत्रपिंडाच्या आजाराचं खास खाणं आम्ही बैलघोड्याला देऊन आलो. समोरच्या काकू सोबत आल्या होत्या. येताना त्यांनी तांबूस रंगाचा, बोक्यासारख्या तोंडाचा एक मोठा कुत्रा आणला. तो लिफ्टला बिचकतो, म्हणून त्या गुडघे दुखत असताना जिन्यानं जातात. स्वयंपाकघरात सरळ घुसतो, सोफ्यावर आडवा पडतो, फरशीवर मात्र पाय घसरतात त्याचे. अण्णा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसतात आणि त्याच्याकडे बारकाईनं पाहतात. परवा घरी आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "हा घरातला नाही, दुकानाबाहेरचा आहे. खालच्या वाण्यानं शटर ओढलं की उठून बसतो, बिस्किटासाठी."