वकील बोलत का न्हाई?

आपल्या वस्त्यांमध्ये पूर्वी जयंतीच्या मांडवात पडदा लावून सिनेमा दाखवीत, तेव्हा निम्मी वस्ती पडद्याच्या मागच्या बाजूने तो उलटा पाहत असे. आता मोठा टीव्ही घरोघरी आला. चित्र भव्य झाले, स्वच्छ झाले. आवाजाचे मात्र तसे झालेले नाही. बोलणे ऐकू येत नाही आणि मारामारी सुरू झाली की शेजारी भिंत ठोकतात, ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. त्यावर दुकानदाराचा उपाय ठरलेला असतो: पाच-सहा स्पीकरचा नवा संच घ्या, हप्त्याने घ्या. विहारातला ध्वनिक्षेपक सांभाळता सांभाळता या विषयाची मला थोडी माहिती झाली आहे. तिच्या आधारे सांगतो, घरात दोन पेट्यांचा जुना स्टिरिओ धूळ खात असेल, तर हप्ता बांधून घेण्याआधी एकदा त्याच्याकडे पाहा.

चित्रपटगृहासाठी आवाज कसा तयार करतात हे आधी समजून घेऊ. १९९२ पासून रूढ झालेल्या ५.१ या पद्धतीत आवाजाचे सहा वेगळे प्रवाह असतात. समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा मागे दोन, आणि स्फोट, गडगडाट यांसाठी एक. त्या एकात फक्त खालचे सूर असतात, म्हणून त्याला पूर्ण एक न म्हणता पॉइंट एक म्हणतात. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की माणसांचे बोलणे बहुतेक सगळे मधल्या प्रवाहात असते. पाऊस, गर्दी, संगीत, पावले हे सारे इतरत्र पसरलेले असते. म्हणजे मधला स्पीकर गेला, तर सिनेमातली माणसे मुकी होतात.

आमच्या घरी नेमके हेच घडले. पुतण्याने कोणाकडून तरी एक जुना होम थिएटरचा ॲम्प्लिफायर आणला. त्याचे छोटे स्पीकर घर बदलताना फुटलेले. आमच्याकडे वडिलांनी घेतलेल्या दोन मोठ्या लाकडी पेट्या होत्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेट त्यांवर अख्ख्या चाळीने ऐकलेल्या. पुतण्याने त्या डाव्या-उजव्या जागी जोडल्या. रविवारी वंदना, जेवणे आटोपली आणि सगळ्यांनी मिळून ‘जय भीम’ लावला. हा टी. जे. ज्ञानवेल यांचा तमिळ चित्रपट २०२१ साली चित्रपटगृहात न येता थेट घरच्या पडद्यावरच आला. तमिळनाडूतल्या १९९३ सालच्या खऱ्या खटल्यावर तो आधारलेला आहे आणि तो खटला लढणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. आम्ही हिंदी आवृत्ती लावली होती. कोठडीत नेलेल्या आपल्या नवऱ्याला शोधणारी आदिवासी बाई, तिच्या बाजूने उभा राहिलेला वकील, आणि न्यायालयात बोललेला एकेक शब्द. त्या चित्रपटाचा सगळा जीव बोलण्यातच आहे.

आमच्या खोलीत पाऊस पडत होता, संगीत घुमत होते, खुर्च्या सरकत होत्या. वकील उभा राहिला, हात हलवून बोलू लागला, आणि शब्द नाही. आई ऐंशीच्या पुढची, एका कानाने कमी ऐकते. तिला वाटले आपलाच कान गेला. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “आरं, वकील बोलत का न्हाई?” पुतण्या म्हणाला, “आजी, आवाज वाढवतो.” आवाज वाढला, तसा पाऊस वाढला. वकील गप्पच.

ॲम्प्लिफायरचा समज असा होता की मधला स्पीकर जागेवर आहे. तो बिचारा सगळे बोलणे इमानाने त्या रिकाम्या जागी पाठवीत होता. त्याच्या यादीत ‘सेंटर: नाही’, ‘मागचे: नाही’ एवढे सांगितले आणि वकील बोलू लागला. असे सांगितल्यावर यंत्र मधला आवाज निम्म्या-निम्म्या शक्तीने दोन्ही पेट्यांत वाटते, मागचेही त्यांतच मिसळते. गडगडाटाचा प्रवाह बऱ्याचदा सोडून दिला जातो. आपल्या एका खोलीत त्याची उणीव भासत नाही. साधा स्टिरिओ टीव्हीला जोडला असेल, तर हीच वाटणी टीव्हीकडून करून घेता येते. त्यासाठी आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ निवडायचे.

दोन पेट्यांतून सारखाच आवाज आला, की मधोमध बसलेल्याला तो मधूनच, पडद्यावरच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. ॲलन ब्लमलिन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली स्टिरिओचे पेटंट मागितले, त्यामागचे कारण सिनेमाच होते असे सांगतात: नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले. त्याची युक्ती आजही चालते, पण अट एकच. ऐकणारा मध्ये हवा. एका पेटीच्या जवळ सरकलात, की सगळे बोलणे त्याच पेटीतून येऊ लागते.

आमची आई नेहमी खिडकीशी, डाव्या पेटीला चिकटून बसायची, मधली खुर्ची पुतण्याची. आता मधली खुर्ची आईची आहे. पेट्याही कोपऱ्यातून बाहेर ओढल्या, कारण कोपऱ्यात घुमणारा खर्ज बोलण्यावर चढतो. आणि स्टुलावर ठेवून कानाच्या उंचीला आणल्या. वायर तपासताना एका पेटीची लाल-काळी उलटी निघाली. असे असले की मधला आवाज पोकळ आणि पातळ होतो, आणि दोष यंत्राला दिला जातो. बऱ्याच यंत्रांत ‘नाइट मोड’ असतो, तो चालू केला की कुजबुज वर येते आणि स्फोट खाली बसतो. या सगळ्याला खर्च आला तो वायरचा.

यात काही गमावले जाते हेही खरे. मागून येणारा पाऊस आता समोरून येतो. मला त्याचे दुःख नाही, पुतण्याला आहे. पैसे साठले तर त्याने अवश्य पाच स्पीकर घ्यावेत, मात्र मधला आधी घ्यावा.

विहाराचा प्रश्न वेगळा आहे. जब्बार पटेल यांचा २००० सालचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आमच्याकडे येत्या पौर्णिमेला दाखवायचा आहे. मामुट्टींना ज्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तिचे बोल शेवटच्या ओळीतल्या बाईपर्यंत पोचले पाहिजेत. दीडशे माणसांना मधली खुर्ची कोठून देणार? म्हणून तिथे मी स्टिरिओही ठेवणार नाही. दोन्ही पेट्यांना एकच आवाज देणार, एक पुढे आणि एक महिला मंडळ बसते त्या बाजूला. पुतण्याला हे मागासलेपण वाटते. वायर मात्र तोच ओढणार आहे.