शांततेत उठलेलं गाव

युद्धात गावं बेचिराख होतात, हे आपण वाचत आलो आहोत. वोल्झायफेनची गोष्ट वाचली तेव्हा मी थबकले, कारण हे गाव युद्धातून वाचलं होतं. ते उठलं युद्ध संपल्यावर.

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियमच्या सीमेलगत, आयफेल हा डोंगराळ मुलूख आहे. माती हलकी, हिवाळा लांब, वारा सदैव अंगावर येणारा. एके काळी या भागाला लोक ‘प्रशियाचा सायबेरिया’ म्हणत. तिथल्या ड्राइबोर्नच्या पठारावर मध्ययुगापासून हे गाव नांदत होतं. शेती, गुरंढोरं, एक शाळा आणि रोगराईपासून राखणाऱ्या संत रोखुसचं चर्च. वस्ती साडेपाचशेच्या आसपास. मोठ्या इतिहासाने दखल घ्यावी असं शतकानुशतकं काही घडलं नव्हतं, आणि गावाचं सुख म्हणतात ते बहुधा हेच असतं.

मग विसावं शतक आलं. आधी पाणी. खालच्या दरीत उर्फ्ट नदीवर १९०५ साली धरण पुरं झालं; ५८ मीटर उंचीचं, तेव्हाचं युरोपातलं सर्वांत मोठं. दरीतली जमीन तळ्याखाली गेली. १९३४ पासून त्याच तळ्याच्या वरच्या उतारावर नाझी पक्षाने फोगेलझांग नावाची प्रचंड दगडी वास्तू उभारायला घेतली. पक्षाचे पुढारी घडवण्याची ती शाळा. आसपासच्या गरीब गावांतल्या हातांना तिथे काम मिळालं. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. ज्या राजवटीने लाखो निरपराधांना छावण्यांत मारलं, तिचे मनोरे या गावच्या अगदी शेजारी उभे होते.

१९४४ च्या अखेरीला लढाई दाराशी आली. जवळच ह्युर्टगेनच्या जंगलात महिनोन्‌महिने माणसं मरत होती. वोल्झायफेनच्या लोकांना घरं सोडावी लागली, गोळ्यांनी छपरं उडाली. पण १९४५ साली ते परतले. भिंती सावरल्या, छपरं शाकारली, शेतं पुन्हा नांगराखाली आणली. वर्षभराने गाव परत गाव दिसू लागलं.

आणि ऑगस्ट १९४६ मध्ये हुकूम आला. ब्रिटिश सैन्याला सरावासाठी मैदान हवं होतं. फोगेलझांग त्यांच्या ताब्यात होतंच, भोवतालचं पठारही हवं होतं. १ सप्टेंबरपर्यंत गाव रिकामं करा. संत रोखुसचा सण १६ ऑगस्टला येतो. म्हणजे ज्या महिन्यात गावाने आपल्या राखणदाराचा सण करायचा, त्याच महिन्यात बोचकी बांधायची पाळी आली. सुगीचे दिवस, नुकती डागडुजी केलेली घरं. परत येऊ, या आशेवर माणसं आसपासच्या गावांत पांगली.

परतणं झालं नाही. घरं नेमबाजीचं लक्ष्य बनली, चर्चही सुटलं नाही. १९५० मध्ये मैदान बेल्जियन सैन्याकडे गेलं. पुढे कबरीतल्या मृतांनाही उकरून शेजारच्या हेरहानच्या दफनभूमीत नेण्यात आलं. जित्यांचं गाव सुटलं, ते एक वेळ समजू शकते. मेलेल्यांनाही बिऱ्हाड हलवावं लागलं, हे वाचताना आजही माझा घसा दाटतो.

तिथे गेल्यावर डोळ्यांत भरतात ती मात्र नवीच घरं. वस्तीतल्या लढाईचा सराव करण्यासाठी सैन्याने बांधलेली. राखाडी, ओबडधोबड भिंती. खिडकीच्या जागी नुसतं चौकोनी भोक, ना चौकट ना काच. आत पाऊल टाकलं की सिमेंटचा ओलसर वास. उंबऱ्याची झीज नाही, कारण या घरांत कधी कुणी राहिलंच नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या ती घरं गेली आणि त्यांच्याच मातीवर घराची सोंगं उभी राहिली. बाहेर पठारावर जूनच्या उन्हात पिवळ्या फुलांची झुडपं पेटली होती; इथले लोक त्यांना आयफेलचं सोनं म्हणतात.

नाझींच्या बळींपुढे साडेपाचशे माणसांच्या घरांचं काय, असं कुणी विचारेल. दोन दुःखं एका ताजव्यात घालायची नसतात, एवढंच मी म्हणेन. विजेत्या सैन्याकडे कारण होतं, कायद्याचं बळही होतं. तरीही युद्ध संपलेलं असताना, नुकतंच सावरलेलं गाव कायमचं पुसणं अन्यायाचंच होतं. पराभूतांच्या बाजूचं गाव होतं म्हणून तो अन्याय लहान होत नाही.

२००५ च्या अखेरीस बेल्जियन सैन्य गेलं आणि पुढच्या वर्षापासून वाट सगळ्यांना मोकळी झाली. आता हा सारा भाग आयफेल राष्ट्रीय उद्यानात आहे. चर्चचे अवशेष सावरून ठेवले आहेत, जुनी शाळा दुरुस्त केली आहे.

फोगेलझांग पाहायला पुष्कळ लोक जातात, आणि जावंच. तिथलं नाझी काळावरचं प्रदर्शन पाहण्यासारखं आहे. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर तेवढ्यावर परतू नका. पठारावरून पायी वोल्झायफेनपर्यंत जा. आखलेली वाट मात्र सोडू नका, जमिनीत अजून न फुटलेला दारूगोळा आहे. आणि सिमेंटच्या घरांकडे वळण्याआधी शाळेत जाऊन या.